शुक्रवारची कात्री

रुवीत, इस्त्रीवाल्याच्या दुकानावर दुसरा मजला.
शुक्रवारी सकाळी नऊ ते साडेदहा, मराठी.
बाक नाहीत. आमचंच जेवणाचं टेबल,
त्यावर पसरलेलं जुनं वर्तमानपत्र
आणि पाच मुलांत मिळून तीन कात्र्या.

मी मास्तर नाही.
आठवडाभर पाइपांचे नकाशे काढतो,
कुठे झडप, कुठे कोपर, कुठला तुकडा कुठे बसतो.
म्हणून म्हटलं, शब्दही तसाच बघा.
अनोळखी दिसला तर घाबरायचं नाही.
सांधा शोधायचा.

निहारने 'बिनचूक' कापला.
बिन इकडे, चूक तिकडे.
मग अजाण, बेफिकीर, नापसंत...
पट्ट्या पडत गेल्या आणि अर्थ निघत गेले
पावट्याच्या शेंगेतून दाणे निघावेत तसे,
क्वचित एखादा किडका.

मग त्यांना चेवच आला.
मिहिकाने 'बेसन' कापलं : सन नसलेलं.
शर्वने 'बेडूक' : ज्याला डूक नाही असा.
डूक म्हणजे काय रे?
मला काय माहीत, तेच तर नाहीये त्याच्याकडे.

हसून झाल्यावर मी सांगितलं,
प्रत्येक रेघ म्हणजे सांधा नव्हे.
काही पाइप मुळातच अखंड असतात,
कापलेत तर हातात नुसतं भंगार.

रुमाना सरखोत गप्प होती.
तिच्या चिठ्ठीवर होतं 'नाखवा'
आणि कात्री तिने खाली ठेवलेली.
माझे आजोबा दाभोळला नाखवा होते, म्हणाली.
ना म्हणजे नाही, तर मग
काय नव्हतं त्यांच्याकडे?

हा ना नाहीतला नाही ग, मी म्हटलं,
हा नावेतला.
नावेचा धनी तो नाखवा.
मत्रहच्या धक्क्यावर म्हातारे खलाशी
अजून नोखदा म्हणतात, ऐकलंयस?
ऐकलं होतं तिने.
चिठ्ठी तशीच, न कापता,
कंपासपेटीत घडी घालून ठेवली.

निहार अजून बिनपाशीच.
आठ वर्षांचा. बाबा आत वाळवंटात, तेलाच्या विहिरीवर,
अठ्ठावीस दिवस तिकडे, चौदा दिवस घरी.
काका, खाली दारावर पाटी आहे ना,
सालिम बिन राशिद.
म्हणजे राशिद नसलेला सालिम?

कुणी हसलं नाही. एसी तेवढा खरखरत राहिला.

इथे बिन म्हणजे मुलगा, मी म्हणालो.
राशिदचा सालिम.
आपल्याकडेही जुन्या कागदांत असतं,
आमच्या जमिनीच्या कागदावर पणजोबा
तसेच उभे आहेत, बाळाजी बिन संताजी,
वडिलांचं बोट धरून.

मग आपलं बिन?
ते वेगळं. बिनसाखरेचा चहा, त्यातलं.
पण लिहितात सारखंच?
लिहितात सारखंच.

त्याने वहीत लिहिलं : निहार बिन मकरंद.
खाली रेघ मारली.
एकदा असं वाचलं असावं, एकदा तसं,
ओठ हलत होते.
मग विचारलं, आज कितवा?
मिहिकाने तारीख सांगितली.
तारीख नाही, तो म्हणाला,
आणि बोटांवर मोजून स्वतःच उत्तर दिलं,
एकोणीस.

नकाशात अशा जागी आम्ही
एक छोटं वर्तुळ काढतो
आणि बाजूला लिहितो, जागेवर जाऊन पाहणे.

साडेदहाला आया आल्या, चपलांची अदलाबदल झाली,
जिन्यात कुणीतरी लोबान लावला होता,
त्यातून पोरं खोकत, हसत उतरली.
मी वर्तमानपत्र गुंडाळलं, केर काढला.

टेबलाखाली 'चूक' सापडली, एकटीच.
बिन कुठे दिसेना.
खुर्च्या सरकवून पाहिलं,
मग शोधणं सोडून दिलं.